भरलेली बादली

धर्मराज सकाळपासून कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या फ्लास्कपाशी ठाण मांडून बसला होता. आत ब्रोमोबेंझीन, ईथर आणि मॅग्नेशियमचा कीस. हाच प्रयोग याआधी दोनदा नासला होता. पाण्याचा नुसता अंश आत शिरला तरी सगळं थंड पडतं. अख्खा बीड जिल्हा कोरडाठाक पडला होता आणि त्याचा एवढासा फ्लास्क काही केल्या कोरडा राहत नव्हता. जीव नुसता वैतागला होता.

ब्रोमोबेंझीनची बाटली आज संपली. दुसरी यायची मुंबईहून, कधी ते देव जाणे. प्रबंध मात्र याच महिन्यात द्यायचा होता. आज साधलं नाही तर वर्ष गेलंच म्हणायचं.

त्यानं आयोडीनचा कण टाकला. जरा वेळानं ईथर आपलं आपण उकळायला लागलं, म्हणजे अभिक्रिया सुरू झाली.

"लागलं, बायनाबाई."

प्रयोगशाळेची साफसफाई बघणाऱ्या बायनाबाई काचेची भांडी पुसत होत्या. त्यांनी समाधानानं मान हलवली.

फ्लास्कवर काचेची दुहेरी नळी उभी होती. तिच्या बाहेरच्या पोकळीतून नळाचं पाणी खेळत होतं. त्या गारव्यानं ईथरची वाफ पुन्हा थेंब होऊन खाली येत होती. आत पाण्याचा थेंब नको आणि बाहेर धार थांबायला नको, असलं हे त्रांगडं. वापरलेलं पाणी खालच्या बादलीत पडत होतं.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. कॉलेज होतं सहकारी साखर कारखान्यानं काढलेलं, पाणीही कारखान्याचंच. पाइप वेळेवर धरला नाही तर होस्टेलवाले प्रयोगशाळेच्या टाकीत घोटभरही पडू देत नाहीत. धर्मराज पळतच गेला. टँकरवाल्या सुग्रीवशी हुज्जत घालून त्यानं अर्धी टाकी भरून घेतली.

परतला तर दारातच ईथरचा भपकारा आला. फ्लास्कच्या बुडाशी करडा चोथा तेवढा उरला होता. नळ बंद होता.

"नळ कावून बंद केला, बायनाबाई? किती डाव सांगितलं, हितं हात लावायचा न्हाई म्हणून." त्याचा आवाज चिरकला.

बायनाबाईंनी फडकं बाजूला ठेवलं.

"मी कुटं लावला, सर? बादली भरून सांडाया लागली, तवा तुमीच जाता जाता बंद केला. चांगला आवळून. मी म्हनलं, बरं केलं."

धर्मराजला काहीच आठवेना. त्यानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. संतापानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या बादलीला एक लाथ घालावी म्हणून त्यानं पाय उचलला.

बादली काठोकाठ भरलेली होती.

त्यानं पाय खाली टेकवला. मग दोन्ही हातांनी बादली उचलली आणि जपून, थेंबही न सांडता, कोपऱ्यातल्या पिंपात ओतली.