सुधारलेली केबल

व्याह्यांच्या जुन्या गाडीला बाजारातला कार्ब्युरेटर बसवणं सोपं होतं. मिस्त्रीचा जीव खाल्ला तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या केबलने. नव्या कार्ब्युरेटरला ती जुळेना, तेव्हा त्याने स्वतः पट्टी कापून, भोकं पाडून जुळवली. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल तळाला गेलं की केबल बरोबर ताणली जायची. ढिली राहिली तर गिअरबॉक्समधल्या प्लेटा घसरून जळतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"गिअर बदलताना झटका देते," व्याही म्हणाले.

"देणारच. ती पकड आहे. झटका गेला की गिअरबॉक्स गेला म्हणून समजा."

व्याह्यांना ते उद्धट वाटलं. तिसऱ्या दिवशी मुलीचा सासरहून फोन आला. "बाबा, ढिली करा ना ती केबल. इथे उठता-बसता मला तुमच्या अडाणीपणावरून ऐकवतात."

मिस्त्रीने दातओठ खात केबल ढिली केली. गाडी लोण्यासारखी पळू लागली. व्याही भेटेल त्याला कौतुक सांगत सुटले आणि मुलीची सुटका झाली.

महिन्याभरात गिअरबॉक्स जळाला. गाडी ओढत आणली, तेव्हा मिस्त्री शिव्या खायच्या तयारीने उभा राहिला. व्याह्यांनी मात्र त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुरुवातीच्या त्या झटक्यांनीच घात केला हो. तुम्ही नंतर केबल सुधारलीत, म्हणून महिनाभर तरी चालला बिचारा. नवा मागवलाय. आता पहिल्या दिवसापासूनच ढिली ठेवा."