एक घोट

१९९१ साली रेल्वेसाठी जमीन मागायला साहेब वारल्यांच्या पाड्यावर आले आणि सगळ्यांना चहा दिला. पाड्याची रीत अशी, की नकार तोंडाने द्यायचा नाही. मागणाऱ्याचा पेला न पिता खाली ठेवायचा; घोट घेतला की होकार. एकेकाने ठेवला.

“आजी, घ्या ना. मी केलाय,” साहेबांबरोबर आलेली त्यांची पोर म्हाताऱ्या चैतीला म्हणाली. उन्हाने कोमेजलेलं लेकरू. चैतीने घोट घेतला.

“वहिनी, जिथं दादाला पुरला ती जागाही देऊन टाकलीस!” दीर कळवळला.

साहेबांनी पेल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. हजेरीचे अंगठे आधीच घेतले होते. तीच हजेरी त्यांनी संमती म्हणून लिहिली.

रूळ आले. साहेबांना बढती मिळाली, पोर लग्न होऊन परगावी गेली. दीर पुनर्वसनाच्या वसाहतीत झुरून मेला, मरेपर्यंत वहिनीशी बोलला नाही. हजेरीचं चैतीला कुणी सांगितलं नाही. नव्वदीपर्यंत जगली, चहाला पुन्हा शिवली नाही.