तृतीयपुरुषी एकवचन

दौलतराव मास्तरांच्या कारंज्याच्या घरी दोघं जेवायला बसले होते आणि गिरजा वाढत होती. एक तिचा नवरा दौलतराव. दुसरे बबनराव, त्याच्याच शाळेतले, पोरांकडून इंग्रजी व्याकरण घोकून घेता घेता केस पिकलेले.

दौलतराव जबलपुराहून नवी पद्धत शिकून आला होता. परकी भाषा शिकवताना मधे मराठीचा शब्द येऊ द्यायचा नाही. मूल आईच्या तोंडून शिकतं, तसं शिकवायचं. हेडमास्तर वर्गात करू देईनात, म्हणून प्रयोग बायकोवर चालला होता. पोळा झाल्यापासून तो तिच्याशी मराठीत बोललाच नव्हता. तिनं मराठीत काही विचारलं, तर उत्तरही देत नसे.

"ब्रिंग वॉटर."

गिरजानं पाणी आणलं.

"क्लोज द डोअर."

तिनं दार लोटलं.

"ओपन युवर माउथ."

परक्या माणसासमोर तिनं तोंड उघडलं.

बबनराव भुरका मारून हसले. कढी मिशीवरून हनुवटीवर ओघळली. "अहो, एवढं तर बैलही ऐकतो! आधी नियम, मग भाषांतर. पायाच नसेल तर भिंत कशाची?"

गिरजानं तोंड मिटलं. बाजारात बैलाचे दात पाहणारं गिऱ्हाईक निदान मुकाट्यानं पाहतं.

तेवढ्यात मागच्या दारातून हाक आली, तशी गिरजा तिकडं गेली. तिचा भाऊ जानराव मानोऱ्याकडून पहाटेच दमणी जुंपून निघाला होता. बैलांच्या तोंडाला फेस आला होता.

"बाई, मायची वाचा गेली," तो म्हणाला. "कालपासून. नुसती डोयानं तुले शोधून राह्यली. चाल लवकर."

ती तशीच आत धावली. "आयकता का, माही माय—"

दौलतरावानं बोट वर केलं. "नो मराठी."

"जानराव आला, मायची—"

"इन इंग्लिश!" तो पाहुण्याकडे वळून हसला. "आता पाहाच. नड आली की भाषा आपोआप येते."

गिरजाच्या जिभेवर बसलेले शब्द तरी किती? पाणी, दिवा, दार, तोंड. आण, उघड, लाव. तिनं ते सगळे चाचपले.

"मदर," ती म्हणाली. "मदर... माउथ... क्लोज."

दौलतरावाचा घास हातातच राहिला. "ऐकलंत? स्वतःचं वाक्य! एकही नियम न शिकवता!"

"वाक्य कसलं?" बबनरावांनी बोटं चाटली. "कर्ता तृतीयपुरुषी, एकवचनी. क्रियापदाचा एस कुठं गेला? क्लोजेस पाहिजे. म्हणून म्हणतो, व्याकरणावाचून सगळं लंगडं."

"एस येईल. कानावर पडून येईल. गिरजा, से. माय मदर क्लोजेस हर माउथ."

तिनं मागच्या दाराकडे पाहिलं.

"अगेन! माय मदर क्लोजेस—"

दोघंही तिच्या ओठांकडे टक लावून बसले होते. आईला काय झालं, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही.

"आला का तुमचा एस?" असं म्हणून बबनरावांनी कढीसाठी वाटी पुढं केली.

गिरजानं कढीचं भांडं त्यांच्या ताटाशेजारी आदळलं, पदर खोचला आणि मागच्या दारानं बाहेर पडून दमणीत बसली.

दमणी हलली तसा दौलतराव खरकट्या हातानं धावत बाहेर आला.

"व्हेअर आर यू गोइंग?" तो ओरडला. "गिरजा! व्हेअर आर यू गोइंग?"

"काय म्हणून राह्यले दाजी?" जानरावानं कासरा आखडत विचारलं.

गिरजाला शब्द न् शब्द समजला होता.

"काय मालूम," ती म्हणाली. "तू हाक."

दमणीतल्या तांब्यातलं पाणी तिनं तोंडात घेतलं, खळखळून चूळ भरली आणि रस्त्यावर थुंकली.