चौकटीकडची हिरवाई

शनिशिंगणापुरात घराला दार नसतं, नुसती चौकट असते. गहिनीनाथ साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, मागोमाग बायको भागीरथी गेली, आणि त्या उघड्या चौकटीतून आत येणारं कुणी उरलं नाही. मग त्यांनी लोणच्याच्या बरणीत उन्हावर जगणारे हिरवे जिवाणू पाळले. त्यांच्या चयापचयात फेरफार करून पाण्यातच साखर तयार करून घ्यायची, हा त्यांचा नाद.

असे जिवाणू उजेडाकडे सरकतात. या बरणीतली हिरवाई मात्र खिडकीकडे पाठ फिरवून गहिनीनाथांच्या बाजूच्या काचेला चिकटायची. त्यांनी जागा बदलली, की चहा संपेपर्यंत तीही तिकडे यायची. असं का, हे त्यांनी कधी शोधलं नाही. कुणीतरी आपल्याकडे वळतंय, एवढंच त्यांना पुष्कळ होतं.

आज दुपारी ते खाटेवर बसले, तरी हिरवाई त्यांच्याकडे आली नाही. ती चौकटीच्या बाजूला गोळा झाली. चौकटीत तर नुसतं ऊन होतं.

शेजारच्या रतनबाई रस्त्यानं जाता जाता थबकल्या. "काका, पावन्याला उन्हात उभं केलंय व्हय? आत तरी बोलवा की!" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

गहिनीनाथांनी पुन्हा चौकटीकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. पण कित्येक वर्षांत कुणाला म्हणायला मिळालं नव्हतं, ते तोंडून निघूनच गेलं.

"या, बसा."

बरणीतली हिरवाई हलली. काचेच्या कडेकडेनं सरकत ती खाटेच्या दिशेला येऊन थांबली.

आणि खाटेची दुसरी बाजू हळूच दबली.