कॉफीच्या आधीचे दोन तास

गुरुवारी सकाळी साडेआठला मार्युत वडिलांकडे, ताइस्तोकडे, आली तेव्हा टेबलावर दोन कप मांडलेले होते. तिचा कप बशीत उपडा होता. कॉफीचं भांडं चुलीच्या कडेला ठेवलेलं होतं.

ताइस्तो आतल्या खोलीतून निघाला. तिथून टेबलापर्यंत अकरा पावलं, आणि मध्ये एक स्टूल. नोव्हेंबरात हृदयाची शस्त्रक्रिया होऊन घरी आल्यावर त्यानेच ते तिथे आणून ठेवलं होतं. तो स्टुलावर बसला, दम खाल्ला, उठला, टेबलाशी आला. हृदय आता ठीक आहे, असं डॉक्टर म्हणत. रक्तात लोह कमी आहे, हा थकवा त्याचा.

मार्युतने कोट काढला नाही. तिने गोळ्यांची सात खणांची डबी उघडली.

"गुरुवारची गोळी कुठंय?"

"पोटात. सहाला गजर लावून घेतली. दोन तास होऊन वर अर्धा तास झाला. बस आता."

लोहाच्या गोळीनंतर दोन तास कॉफी घ्यायची नाही, घेतली तर लोह अंगी लागत नाही, हे नर्सने जानेवारीत सांगितलं. तोवर दोन महिने मार्युत ती गोळी रोज कॉफीच्या कपाशेजारी ठेवत होती. गोळी कशाबरोबर देता, असं दवाखान्यात विचारलं तेव्हा तिने 'पाण्याबरोबर' असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पाठोपाठ कॉफी येते, हे सांगायचं तिला सुचलंच नाही. त्यांच्या ईसाल्मी गावात कॉफी कोणी मोजत नाही.

"मी आल्यावर घे म्हटलं होतं, बाबा. माझ्यासमोर."

"तू आल्यावर घेतली तर कॉफी साडेदहाला. तेव्हा तू नसतेस."

हेच बोलणं तीन आठवडे रोज होत होतं.

"कुंडीत दोन गोळ्या सापडल्या तेव्हाही खण रिकामाच होता," मार्युत म्हणाली.

"त्या आठवड्यात पोट बिघडलं होतं माझं. आणि त्या झाडाला बघ, कशी फुलं आलीत."

ती हसली नाही.

"मंगळवारी रक्त तपासायला दिलंय ना. आकडा आला की कळेल."

"हो, आकड्यालाच विचार. तो काय, माझ्यापेक्षा खरं बोलतो."

त्याने शेजारच्या आउनेने आणलेलं पुडकं सोडलं. आत डुकराचं रक्त घालून केलेली काळी धिरडी होती. त्याने एक मार्युतपुढे सरकवलं.

"आउने म्हणते, अजून चार दिवस ही खाल्लीस ताइस्तो, तर पोटाला लोहचुंबक चिकटेल."

मार्युतने डबी बंद केली. त्याने साखरेचा खडा दातात धरला, भांडं उचललं. या घरात कॉफी ओतायचं काम त्याचं होतं. भांडं जड होतं, आता दोन्ही हात लागत.

"अर्धा कप," खड्यामुळे शब्द बोबडे आले.

"वेळ नाही, बाबा. लायब्ररी उघडायचीय."

लायब्ररी दहाला उघडत असे. दोघांनाही ते माहीत होतं.

त्याने स्वतःच्या कपात ओतली, कपातली बशीत ओतली, आणि फुंकर घालत राहिला. तिने दार ओढून घेतलं. बाहेर छपरावरचा बर्फ वितळून टपकत होता.

शुक्रवारी सकाळी धुराड्यातून धूर दिसेना, म्हणून आउने आत गेली. गजर कधीचा वाजून थांबला होता. ताइस्तो अंथरुणातच होता, गार पडलेला.

पुढच्या बुधवारी मार्युत वडिलांचे कपडे आवरत असताना फोन आला. दवाखान्यातली नर्स होती, तीच, जानेवारीतली. आवाजात घाई होती, आणि आनंदही.

"रिपोर्ट आलाय. लोह वर आलंय हो, चांगलं वर आलंय. म्हणजे गोळ्या अगदी वेळेवर घेतायत ते. कॉफी सांभाळून, बरं का. आमच्याकडे हे फार थोड्यांना जमतं. माझी शाबासकी सांगा त्यांना."

मार्युतच्या हातात त्याचा लोकरी स्वेटर होता. तिने तो खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"सांगते," ती म्हणाली.

तिने चुलीत दोन लाकडं घातली. कॉफी केली. टेबल गुरुवारसारखंच होतं. फक्त त्याचा कप आउनेने धुऊन जागेवर ठेवला होता. डबीत शुक्रवारपासूनचे खण भरलेले होते, त्याआधीचे सगळे रिकामे. खिडकीत कुंडीतल्या फुलांच्या पाकळ्या गळून पडल्या होत्या.

तिने कोट काढला आणि खुंटीला अडकवला. आपला उपडा कप सुलटा केला. भांडं टेबलावर ठेवलं, त्याची दांडी समोरच्या खुर्चीकडे वळवली, आणि बसली.

"घेत होतास तू गोळी," ती मोठ्याने म्हणाली. "ओत आता, बाबा. वेळ आहे मला."