लाल ओळ

पांढरकवड्याच्या कॉम्प्युटर क्लासात स्क्रीनवर एररची लाल ओळ उमटली, की नंदकिशोर सर स्टीलची पट्टी उभी धरून बोटांवर हाणायचे. रुपालीचं नख फुटलं, कीबोर्ड रक्तानं चिकट झाला. मग हळूहळू सगळ्यांच्याच स्क्रीनवरून लाल ओळ गेली. "मारल्याशिवाय कोडिंग येत नाही पोराइले," सर छाती फुगवून सांगू लागले.

सर रजेवर गेले, तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या मधुवंती मॅडमनी रुपालीचा प्रोग्रॅम चालवून पाहिला. तो अर्ध्यातच मेला, तरी स्क्रीन गप्प. प्रत्येक चूक गुपचूप गिळून टाकणाऱ्या ओळी रुपालीनं कोडमध्ये जागोजागी पेरल्या होत्या.

"अगं, चुकलं की प्रोग्रॅमनं ओरडायलाच पाहिजे. त्याचं तोंड काहून दाबलं?"

फुटक्या नखाचं बोट ओढणीत लपवत रुपाली म्हणाली, "तो ओरडला का मार आमाले पडते, मॅडम."