सतरा नंबरची काच

"दमाबिमा काही नाही हो, सगळे मनाचे खेळ," मोठ्या मॅडम फोनवर म्हणत होत्या. काचांचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या उंदीरताईला त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला.

प्रयोगशाळेतल्या चारशे उंदरांचे पिंजरे आणि त्यांचा भुसा अकरा वर्षं तीच बदलत होती, म्हणून हे नाव. नंतरच्या वेळात ती दवाखान्यातून आलेल्या कफाच्या काचाही रंगवायची. गेले आठ महिने भुसा हलवला की तिची छाती आवळायची आणि श्वास शिट्टी वाजवायचा. तिने तीनदा मास्क आणि हवा बाहेर फेकणारा पंखा मागितला. तिन्ही वेळा मनाचे खेळ हेच उत्तर मिळालं. आता टेबलावर एक कागद होता. त्यावर 'कामात टाळाटाळ' असं टाइप केलेलं होतं आणि खाली मॅडमची सही तेवढी बाकी होती. सही झाली की नोकरी गेली.

"ठेवा इथे," मॅडमनी फोन ठेवला. कागद बाजूला सारून त्या मायक्रोस्कोपवर वाकल्या.

इथे काचेवर रुग्णाचं नाव नसायचं, फक्त नंबर. नियम मॅडमचाच. नाव दिसलं की मोजणाऱ्याचे डोळे खोटं बोलतात, असं त्या प्रत्येक नव्या माणसाला बजावत. मोजायला मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, हे उंदीरताईसुद्धा मान्य करायची. डाव्या हाताखालचं पेशी मोजायचं यंत्र टिकटिकत राहिलं. सतराव्या काचेवर ते एकदम भरभर वाजू लागलं.

"अरे बापरे! इकडे या, बघा."

उंदीरताईने भिंगाला डोळा लावला. गुलाबी दाण्यांनी ठासून भरलेल्या पेशी. रंगवताना तिने त्या पाहिल्याच होत्या.

"इओसिनोफिल," मॅडम खुशीत आल्या. शिकवायचं म्हटलं की त्यांना हुरूप यायचा. "शंभरात तीनच्या वर गेल्या तरी आम्ही कान टवकारतो. इथे चौतीस! शरीराच्या राखणदारच या, पण डोकं फिरलेल्या. साध्या धुळीला, केसाला शत्रू समजतात आणि आपल्याच श्वासनळीत दारूगोळा फोडतात. मग नळी सुजते, आवळते."

"मनाचे खेळ नसतील ना, मॅडम?"

"मनाचे? मनाला असे गुलाबी दाणे फुटतात का? काहीतरीच बोलता! या माणसाला ज्याचा त्रास होतो ते आधी दूर करायला हवं. नोंदीत किती दिवसांचं दुखणं लिहिलंय?"

"आठ महिन्यांचं."

"आठ महिने! आणि कोणी ढुंकून बघितलं नाही? कोण आहे हा निष्काळजी माणूस? नाव सांगा."

"कोणाचं सांगू? बघितलं नाही त्याचं, की काचेचं?"

मॅडमनी मान वर केली. उंदीरताईच्या छातीतली शिट्टी आता त्या शांत खोलीत साफ ऐकू येत होती. मॅडमनी नोंदवही ओढली, सतरा नंबरसमोरच्या नावावर बोट ठेवलं आणि ते बोट तिथेच राहिलं.

"हे... तुम्ही मला न विचारता केलंत?"

"तीनदा विचारलं होतं."

मॅडमनी नोंदवही मिटली. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमची बदली करते. वरच्या मजल्यावर, कागदपत्रांचं काम. आरामाचं."

उंदीरताई भयंकर चिडली. चिडली की तिला बोलता यायचं नाही, आज मात्र आलं. "मी का जाऊ? अकरा वर्षं ती खोली मी सांभाळली. उद्या माझ्या जागी जी येईल, तिची छाती काय लोखंडाची असणार आहे? मी तिथेच काम करणार. पंखा लावा. मास्क द्या."

मॅडमनी सही राहिलेल्या कागदाकडे पाहिलं, मग काचेकडे. "चौतीस म्हणजे फारच झाल्या," त्या पुटपुटल्या. "माझी मोजण्यात काही चूक..."

उंदीरताईने जरा दम खाल्ला, मायक्रोस्कोप त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणाली,

"आता नाव कळलंय. मोजा परत."